घरांतला आवाज आणि एक लहानशी डबी

भाद्रपदाची पौर्णिमा आली कीं खानदेशांतील घरांतून भुलाबाई बसतात, आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर मुलींच्या गाण्यांनीं आळ्या गजबजतात. आमच्या आत्याबाईंचें माहेर धुळ्याचें आणि सासर जळगांवचें. वय आज ८६. दोन्ही गांवांतील भुलाबाईचीं गाणीं त्यांना मुखोद्गत आहेत, आणि तेंच गाणें धुळ्यास कोणत्या चालीवर म्हणत व जळगांवास कोणत्या, हें त्या म्हणूनही दाखवितात. गेल्या कोजागिरीस आम्हीं त्यांचीं १७ गाणीं मोबाइलवर उतरवून घेतलीं. दुसऱ्या दिवशीं तीं हौसेनें ऐकावयास बसलों आणि आमचा चेहराच उतरला. सर्वांत ठळक ऐकूं येत होता तो छताचा पंखा! मुलींनीं टाळ्या वाजविल्या तेथें आवाज फाटला होता. आणि ओळीच्या शेवटीं आत्याबाई सूर अगदीं हलकेच सोडतात, तेथें तो विझल्यासारखा मध्येंच नाहींसा झाला होता. आत्याबाईंना ऐकविलें तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, “ही मी नव्हे रे, ही कुणी दुसरीच बाई आहे.”

मोबाइलला दोष देण्यांत अर्थ नाहीं. बोललेला शब्द पलीकडच्या माणसास कळावा, ह्या हेतूनें त्याची सारी घडण झालेली असते. हलका आवाज तो आपण होऊन मोठा करतो, मोठा आवाज दाबतो, आणि जो ध्वनि एकसारखा चालू राहतो त्यास गोंगाट समजून छाटूं पाहतो. आतां एकसारखा चालू राहणारा ध्वनि म्हणजे आपल्या संगीतांत काय, तर तंबोरा! मोबाइलवरून गाण्याची शिकवणी घेणाऱ्या मुलींच्या आयांनीं हा अनुभव घेतलाच असेल. इकडे तंबोरा नीट वाजत असतो आणि तिकडे गुरुजी विचारीत असतात, “तंबोरा लावला नाहीं का?” कांहीं मोबाइलांत ही छाटणी बंद करतां येते, व तेवढ्यानेंही पुष्कळ फरक पडतो, परंतु ज्याला एखादा आवाज जपून ठेवावयाचा आहे त्यानें निराळी सोय करावी हें बरें.

आवाज जपण्याविषयीं आम्ही एवढें मनावर कां घेतों, असें कोणी विचारील. आमच्या खानदेशानें कागद जपण्यांत कसूर केलेली नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडून, माळ्यांवरचीं व कोनाड्यांतलीं दप्तरें मिळवीत, अखेरीस धुळ्यास राहिले व १९२६ च्या ३१ डिसेंबरास तेथेंच वारले. पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवानें धुळ्यांत संशोधन मंडळ स्थापन झालें. त्याच गांवीं शंकर श्रीकृष्ण देव यांनीं रामदासी पोथ्या व बाडें जमविण्यांत जन्म घालविला, आणि समर्थ वाग्देवता मंदिरांत तीं आज पाहावयास मिळतात. परंतु ज्या बायका लिहीत नव्हत्या, नुसत्या गात होत्या, त्यांचें दप्तर कोणत्या माळ्यावर शोधावयाचें? जळगांवजवळच्या आसोद्यास १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतांत, जात्यावर, चुलीपुढें त्यांना जें सुचलें तें त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक आप्त यांनीं वेळोवेळीं टिपून ठेवलें, म्हणून तें वांचलें. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरांत निवर्तल्या, आणि १९५२ सालीं आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें महाराष्ट्रापुढें आलीं. आज उत्तर महाराष्ट्राचें विद्यापीठ त्यांचें नांव मिरवितें. लेखणीनें एवढें मोठें काम केलें खरें. तथापि जात्याची घरघर चालू असतांना शब्द कोठें लांबतो आणि श्वास कोठें तुटतो, हें लेखणीला टिपतां येत नाहीं.

पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइट्वाँ यांनीं ही उणीव ओळखली होती. ऐंशीच्या दशकापासून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या, आणि पुढें नव्वदच्या दशकांत बर्नार्ड बेल ह्या संगीतज्ञाच्या साहाय्यानें त्यांपैकीं कांहीं प्रत्यक्ष बायकांच्या कंठांतून ध्वनिमुद्रित केल्या. ‘पारी’ ह्या संग्रहांत त्या आतां कोणालाही घरबसल्या ऐकतां येतात. ज्यांनीं त्या ऐकल्या असतील त्यांना छापील ओवी आणि गायिलेली ओवी ह्यांतील अंतर आम्हीं सांगावयास नको. त्या मंडळींना जड सामान पाठीवर घेऊन डोंगर चढावे लागले. आपणांस तर आपल्याच माजघरांतील माणसाचा आवाज घ्यावयाचा आहे, आणि त्यासाठीं लागणारें साधन तळहाताएवढें आहे.

ह्या साधनास ऑडिओ इंटरफेस म्हणतात. लहानशी पेटी म्हटली तर आमच्या वाचकांना हार्मोनियम आठवेल, म्हणून आम्ही तिला घरांत डबीच म्हणूं लागलों आहों. तिचें काम समजण्यास कठीण नाहीं. आवाज म्हणजे हवेचा कंप. माइक त्या कंपाची वीज करतो, परंतु ती वीज इतकी क्षीण असते कीं तिचा तसाच उपयोग होत नाहीं. शिवाय संगणकाला वीज कळत नाहीं, आंकडे कळतात. तेव्हां ही डबी प्रथम त्या क्षीण विजेला बळ देते आणि मग सेकंदाला ४८,००० वेळां तिचें माप घेऊन तें संगणकाकडे पाठविते. उलट दिशेनें संगणकांतील आंकड्यांचा पुन्हां आवाज करून तो हेडफोनमध्यें सोडण्याचें कामही तीच करते. बळ देणें, माप घेणें आणि परत ऐकविणें, ह्या तीन कामांवरच तिची पारख करावी. रंग, दिवे आणि खोक्यांत मिळणारे फुकट सॉफ्टवेअरचे परवाने ह्यांना आम्ही फारसें महत्त्व देत नाहीं.

पहिली चूक होते ती तोंडांच्या संख्येंत. आम्हीं येथल्या एका दुकानांत चौकशी केली, तेव्हां “पुढें लागेल, आतांच मोठा घ्या” असें म्हणून विक्रेत्यानें आठ माइक जोडण्याचें एक धूड आमच्यापुढें मांडलें. लग्नांतल्या जागरणगोंधळास तें ठीक. घरीं एक माणूस गाणार, फार तर त्याच्या साथीला दुसरा पेटी वाजविणार. एक माइक लागणाऱ्या तोंडाची डबी एकट्याला पुरते. गाणें आणि पेटी, किंवा गाणें आणि तबला, हीं निरनिराळीं घ्यावयाचीं असतील तर दोन तोंडें हवींत. ह्याहून अधिक तोंडांचा हव्यास नवशिक्यानें धरूं नये.

मात्र ‘दोन तोंडें’ असें खोक्यावर वाचून फसूं नये, कारण दोन्हीं तोंडांना माइक चालतोच असें नाहीं. फोकसराइट कंपनीच्या स्कारलेट सोलो ह्या डबीला दोन तोंडें आहेत, पण माइक एकालाच लागतो. दुसरें गिटार, कीबोर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यासारख्या तारेनें जोडावयाच्या वाद्यासाठीं असतें. बेहरिंजरच्या यूएमसी-२२ चीही तीच तऱ्हा. दोन माइक हवे असतील तर स्कारलेट टू-आय-टू, बेहरिंजर यूएमसी-२०२ एचडी किंवा मोटू एम-२ अशांकडे वळावें लागतें. मोटूच्या तोंडावर आवाजाची पातळी दाखविणारा लहानसा पडदा आहे. चष्मा पुसत पुसत यंत्र चालविणाऱ्या आमच्यासारख्यांस तो फार सोयीचा वाटतो. परंतु त्याची किंमतही त्याच मानानें चढी असते.

दुसरी गोष्ट मापाच्या बारकाईची. स्वस्तांतल्या कांहीं डब्या, उदाहरणार्थ बेहरिंजरची यूएम-२, यूएमसी-२२ किंवा एम-ऑडिओची एम-ट्रॅक सोलो, १६ बिटांचें माप घेतात. वर सांगितलेल्या इतर २४ बिटांचें घेतात. १६ बिटांत अतिहलक्यापासून अतिमोठ्यापर्यंत सुमारें ९६ डेसिबलांचें अंतर मावतें, २४ बिटांत कागदोपत्रीं १४४ चें. तयार गाणें ऐकण्यास १६ बिट पुरतात. आपल्या सीड्या तेवढ्याच मापाच्या होत्या. फरक पडतो तो उतरवून घेतांना. १६ बिटांत आवाज पुरेसा भरून घ्यावा लागतो, आणि भरून घ्यावयास जावें तर गाणाऱ्यानें अकस्मात् वरचा षड्ज लावला कीं तो फाटतो. फाटलेला आवाज पुन्हां सांधतां येत नाहीं. २४ बिटांत मात्र पातळी मुद्दाम खालीं ठेवून वर भरपूर मोकळी जागा सोडतां येते. गाण्यांतला सर्वांत मोठा सूर उणे १२ डेसिबलांच्या आसपास राहिला तरी कांहीं बिघडत नाहीं, मागाहून तो वाढवितां येतो. ज्या आत्याबाई हळूच गुणगुणतां गुणगुणतां मध्येंच “अगं बाई!” म्हणून हंसतात, त्यांच्यासाठीं ही मोकळी जागा फार मोलाची. जमल्यास २४ बिटांचीच डबी घ्यावी, असें आमचें मत आहे. १९२ हजारांचें माप वगैरे जाहिरातींतले मोठे आंकडे मात्र खुशाल विसरावेत. ४८ हजार आपणांस पुरे आहेत.

तिसरी गोष्ट आवाजाला बळ देण्याची, आणि आमच्या समजुतीप्रमाणें निवड येथेंच ठरते. माइक मुख्यत्वें दोन जातींचे. कंडेन्सर जातीचा माइक फार तीक्ष्ण कानाचा. त्याला डबीकडून ४८ व्होल्टांची वीज द्यावी लागते, तिला फँटम पॉवर म्हणतात. तो गळ्यांतली कंपनें टिपतो, तशीच शेजारच्या कुकरची शिट्टी आणि अंगणांतला कावळाही टिपतो. डायनॅमिक जातीचा माइक मंद कानाचा. तोंडाजवळ असेल तेवढेंच ऐकतो, दूरचें फारसें मनावर घेत नाहीं. १९६६ पासून सभा-मैफलींत दिसणारा शुअरचा एसएम-५८ हा त्यांतला सर्वांच्या ओळखीचा. स्टुडिओंतल्या गाण्यास बहुधा कंडेन्सर वापरतात, म्हणून नवशिके तोच आणतात. परंतु स्टुडिओच्या भिंती निराळ्या आणि आपल्या निराळ्या! शहाबादी फरशी, उघड्या खिडक्या, भिंतीपलीकडे रस्ता, अशा घरांत डायनॅमिक माइक तोंडापासून चार-सहा बोटांवर धरलेला अधिक चांगला, असें आम्हांस आढळलें. तंबोरा किंवा सतार घ्यावयाची असेल तर मात्र कंडेन्सरच हवा.

आतां ह्या डायनॅमिक माइकला बळ पुष्कळ द्यावें लागतें, आणि वृद्ध माणसाचा मऊ आवाज असेल तर त्याहूनही अधिक. येथें डब्याडब्यांत भेद आहे. स्कारलेटच्या २०२३ सालीं निघालेल्या चौथ्या पिढींत सोलोचें बळ ५७ डेसिबलपर्यंत जातें, टू-आय-टूचें ६९ पर्यंत. खड्या आवाजाच्या तरुण गवयास पहिलें पुरेल. आत्याबाईंसाठीं आम्हीं दुसरी पसंत केली. त्याच डबींत गाणाऱ्याकडून थोडें गाऊन घेऊन पातळी आपोआप लावण्याची सोय आहे, आणि आवाज फाटूं लागला तर ती स्वतःच पातळी खालीं आणते. ह्या दोन्ही सोयी सोलोंत नाहींत. एकच कंपनी, एकच रंग, पण कामांत एवढें अंतर. म्हणून खोक्यावरचें बारीक अक्षर वाचण्याचा कंटाळा करूं नये. किंमती वरचेवर बदलतात, त्या येथें देण्यांत हशील नाहीं. परंतु सगळे पैसे डबींतच घालून माइक हातीं लागेल तो घेणें हा उलटा व्यवहार आहे, आणि उभा खांब, तार व कान झांकणारा हेडफोन ह्यांचेही पैसे आरंभींच बाजूला काढावेत.

ज्या घरांत मुलगा कीबोर्ड वाजवितो किंवा मुलगी लहऱ्यावर तबला वाजवून उतरविते, तेथें आणखी एक अडचण येते. आवाज माइकमधून संगणकांत जाऊन हेडफोनमध्यें परत येईपर्यंत थोडा विलंब होतो. हवेंत आवाज सेकंदाला सुमारें ३४३ मीटर चालतो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा विलंब हा साथीदार ११ फुटांवर बसल्यासारखा. एवढें चालतें. तोच विलंब दसपट झाला कीं मात्र समेवर येणें अशक्य! बहुतेक डब्यांवर आपला आवाज संगणकांत न फिरवितां थेट ऐकण्याचें बटण असतें, तें आहे कीं नाहीं हें घेतांनाच पाहावें. विंडोजच्या संगणकावर त्या त्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर बसविल्यावांचून विलंब कमी होत नाहीं. मॅकला त्याची गरज पडत नाहीं. उतरवून घेण्यास ऑडॅसिटी हें २००० सालापासूनचें सॉफ्टवेअर फुकट मिळतें व घरच्या कामास पुरेसें आहे.

डबी आली, माइक आला, तरी आमचें पहिलें ध्वनिमुद्रण विहिरींत बसून गायिल्यासारखें झालें. उघड्या भिंतींवरून आवाज परततो, आणि माइक तोही इमानेंइतबारें उतरवून घेतो. ह्यावर उपाय खानदेशासारख्या कापूसपिकाऊ मुलखांत विकत आणण्याची गरज नाहीं. गाणाऱ्याच्या पाठीमागें दोरीवर दोन जाड गोधड्या, खालीं गादी, बाजूला कपड्यांनीं भरलेलें उघडें कपाट. एवढ्यानें खोली शांत झाली. आत्याबाईंनीं स्वतः शिवलेली गोधडी त्यांच्याच मागें टांगली, तेव्हां “आता मला वाळत घालणार वाटतं” असें म्हणून त्यांनीं आम्हांस हंसविलें.

पंख्याचा प्रश्न ह्याहून बिकट. मे महिन्यांत जळगांवचा पारा ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत पंखा बंद करून ८६ वर्षांच्या बाईला गावयास बसविणें हा अघोरीपणा होईल. म्हणून हें काम थंडीच्या दिवसांत करावें, आणि तेंही पहाटे. त्या वेळीं रस्त्यावर वर्दळ नसते, मोटारींचे भोंगे नसतात, शेजारचा टीव्ही नसतो. स्टेशनाजवळ राहणाऱ्यांनीं गाड्यांच्या वेळा पाहून ठेवाव्यात. आमचें एक सुंदर गाणें भुसावळकडे जाणाऱ्या मालगाडीनें नेलें. हेडफोनमध्यें सारखी गुणगुण ऐकूं आली तर लॅपटॉपच्या चार्जरची तार काढून पाहावी. ज्या घरांत विजेची अर्थिंग नीट नाहीं तेथें ती गुणगुण तेथूनच येते, आणि लॅपटॉप बॅटरीवर चालविला कीं पुष्कळदां तत्काळ थांबते.

गौहरजानचीं जुनीं गाणीं ज्यांनीं ऐकलीं असतील त्यांना आठवत असेल कीं गाणें संपतांच त्या स्वतःचें नांव सांगतात. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीच्या गेसबर्गनें त्यांचें गाणें घेतलें, तें भल्यामोठ्या कर्ण्यांत तोंड घालून, आणि अवघ्या तीनएक मिनिटांत संपवून. तबकड्या साता समुद्रांपलीकडे जर्मनींत तयार होणार. तेथल्या कारागिरांस कोणाचें गाणें हें कळावें म्हणून ही योजना होती. आपल्या घरांतही ती योजना चालवावी. प्रत्येक गाण्याच्या आरंभीं गाणाऱ्याचें नांव, गांव, तारीख, आणि हें गाणें कोणाकडून शिकलें, एवढें त्याच्याच तोंडून वदवून घ्यावें. संगणकांत फाइलीचें नांव बदलतां येतें, पुसतां येतें. आवाजांत सांगितलेलें नांव गाण्याबरोबरच राहतें. २४ बिटांचें एका माइकचें तासभर ध्वनिमुद्रण सुमारें अर्धा जीबी जागा घेतें. एवढ्यासाठीं तें एमपी-३ करून आंखडूं नये. मूळ वेव्ह फाइल तशीच ठेवावी, तिच्या तीन प्रती कराव्यात, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या गांवीं कोणा आप्ताकडे असावी. आमची एक प्रत धुळ्यास आत्याबाईंच्या माहेरीं आहे.

गेल्या माघांतल्या एका पहाटे साडेपांचला आम्ही बसलों. आमच्या नातवानें तारा जोडल्या, आत्याबाईंकडून दोन ओळी म्हणवून घेऊन पातळी लावली, आणि खुणेनें “म्हणा” असें सांगितलें. त्यांनीं आपलें नांव सांगितलें, सासरचें आणि मग, आम्हीं न विचारतां, माहेरचेंही. पहिल्या चार गाण्यांत त्या माइककडे पाहात होत्या. पांचव्यापासून डोळे मिटले. सहावें गाणें चालू असतां त्या मध्येंच थांबल्या. दोन ओळी आठवेनात. नातू यंत्र थांबवूं लागला, त्याला आम्हीं हातानेंच अडविलें. जवळजवळ एक मिनिट खोलींत कांहींच नव्हतें, गोधडीमागें घड्याळाची बारीक टिकटिक तेवढी होती. मग त्या ओळी त्यांना सांपडल्या. पण जळगांवच्या चालींत नव्हे, धुळ्याच्या. ज्या चालींत त्या नऊ वर्षांच्या असतांना शिकल्या होत्या, त्या चालींत त्यांनीं तें गाणें शेवटपर्यंत नेलें.

तें एक मिनिट आम्हीं कापून टांकलेलें नाहीं. त्या सकाळीं ११ गाणीं झालीं. अजून ६ राहिलीं आहेत, आणि त्यांतल्या दोहोंचे शब्द त्यांच्या धाकट्या बहिणीस विचारावयाचे आहेत. नातवानें हेडफोन त्यांच्या कानांना लावला. त्यांनीं स्वतःचें पहिलें गाणें निमूटपणें ऐकलें, हेडफोन काढून त्याच्या हातांत दिला आणि म्हणाल्या, “हं, ही मीच. आता चहा ठेवा, आणि ती गोधडी काढा; दंव पडलंय, माझ्या अंगावर घाला.”